पणच्या पुढचं

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर विषयच हातात दिला. "इतकी वर्षं तुम्ही सर्वेक्षणं करत पुण्यात दारोदार हिंडलात. पुणेकरांनी काय काय ऐकवलं असेल, त्या गमती लिहा." मी लगेच हो म्हणाले. गमती आहेतच, आणि त्या सांगायची मला हौसही आहे. लिहायला बसले तेव्हा मात्र प्रत्येक गमतीत वंदना आडवी येऊ लागली. म्हणून आधी थोड्या गमती सांगून टाकते, आणि मग जे सांगायचं इतकी वर्षं टाळत आले ते सांगते.

मी सामाजिक मानसशास्त्राच्या एका संशोधन केंद्रात होते. नाव भारदस्त, जागा तीन खोल्यांची. माणसं दुसऱ्या माणसांबद्दल काय काय समजुती करून घेतात, बाहेरगावचा किंवा वेगळ्या बोलीचा कोणी शेजारी राहायला आला की त्यांच्या मनात काय हलतं, हे शोधणं हे आमचं काम. संचालकांना सगळे नुसतं सर म्हणत. सर प्रश्नावली तयार करायचे आणि आम्ही ती घेऊन घरोघर जायचो. प्रत्येक विधानापुढे पाच चौकोन असत, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. उत्तर ऐकून आम्ही त्यातल्या एकात खूण करायची. ऐकायला हे फार सोपं वाटतं.

हिंजवडीला आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या तो काळ. एसटी स्टँडवर विदर्भातली, मराठवाड्यातली मुलंमुली बॅगा घेऊन उतरत होती, कोणी शिकायला, कोणी कारखान्यात, कोणी कॉम्प्युटरवर काम करायला. शहराला ती हवी होती आणि नकोशीही वाटत होती. हे नकोसं वाटणं कोणाच्या तोंडून वदवून घ्यायचं, एवढंच आमचं कसब.

एका पेठेतल्या निवृत्त गृहस्थांनी माझी प्रश्नावली दारातच उभं राहून पूर्ण वाचली. मी पायऱ्यांवर. शेवटी म्हणाले, "सातव्या प्रश्नात दोन क्रियापदं आहेत. दुरुस्त करून आणा, मग उत्तर देतो." मी खरोखर दुरुस्त करून नेली. तर म्हणाले, "आता प्रश्न बरोबर आहे, पण विचारण्यासारखा नाही." आणि दार लावून घेतलं. त्यांची नोंद आम्ही ‘प्रतिसाद नाही’ अशी केली. इतका स्पष्ट प्रतिसाद मला नंतर क्वचितच मिळाला.

महापालिकेत नव्याने आलेल्या एका गावातले पाटील मात्र ऐसपैस बसवून चहा पाजणारे. शेतावर खोल्या बांधून त्यांनी भाडेकरू ठेवले होते. "आपल्याला कोनी बी चालतंय ताई. नागपूरचा आसूद्या, न्हाईतर बिहारचा. मानूस म्हनल्यावर मानूसच हाय." मी ‘पूर्ण सहमत’मध्ये खूण केली. पाटलांनी बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "पन एक हाय."

हा ‘पण’ आमच्या धंद्याचा खरा माल. आपण पूर्वग्रह बाळगतो असं कोणी कबूल करत नाही. आमच्याकडे तसलं काही नाही, असंच प्रत्येकजण म्हणतो. मग थोडं थांबतो आणि पण म्हणतो. पण ते मोठ्याने बोलतात, पण त्यांचं खाणं वेगळं, पण त्यांना इथली पद्धत कळत नाही. चौकोनातली खूण पणच्या आधीची असते आणि माणूस पणच्या पुढे असतो. म्हणून मी एक युक्ती काढली होती. कोणी पण म्हणालं की कागदाच्या समासात पेन्सिलीने गोलात ‘प’ लिहायचा आणि पुढचं वाक्य जसंच्या तसं टिपून घ्यायचं. सरांना ही खूण इतकी आवडली की ती केंद्राचा नियमच झाली. तिच्यासोबत माझा आणखी एक नियम असे. समासातली खूण कधीही खोडायची नाही. चुकीची वाटली तरी नाही, कारण तीसुद्धा माहितीच असते.

वंदना आमच्याकडे आली ती तात्पुरत्या पदावर. यवतमाळ जिल्ह्यातली, मानसशास्त्रात एम.ए., विद्यापीठात पहिल्या काहींत आलेली. उंच, सावळी, दोन वेण्या घालणारी. पहिल्या दिवशी मी तिला समासातला ‘प’ शिकवला. "पणच्या आधीचं ऐकून सोडून द्यायचं. पणच्या पुढचं लिहून घ्यायचं." तिने मान हलवली आणि वहीत तसंच लिहून घेतलं.

पहिले काही आठवडे ती आमच्याशी अगदी पुस्तकी मराठीत बोलायची. एके दिवशी डबा खाताना तिच्या तोंडून निघून गेलं, "ताई, मले लोणचं देता का जरासं?" आणि ती एकदम गप्प झाली. त्या गप्प होण्याची मला चांगली ओळख होती. मी खडकीची. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात, राहायला क्वार्टर्स. घरी आम्ही गावाकडचंच बोलायचो, हाय आणि न्हाई. शहरातल्या कॉलेजात गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक मुलगी म्हणाली, "‘हाय’ म्हणजे हॅलोच्या आधीचं का गं?" वर्ग हसला. त्यानंतर महिनाभर मी वर्गात तोंड उघडलं नाही. उघडलं तेव्हा ‘आहे’ म्हणाले, ते आजपर्यंत.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. त्या दिवशी वंदनाला सांगितलं. आणि वर म्हणाले, "माझ्याशी तू तुझ्या भाषेत बोलत जा. मला आवडतं." ती हसली. "हाव का ताई? मंग बरं झालं बाप्पा. लय दिवसापासून तोंड आवळून बसून राहिली मी." तेव्हापासून ती माझ्याशी तशीच बोलायची. माझ्याशी बोलता बोलता केंद्रात सगळ्यांशीच.

थेट विचारलं की लोक गोड उत्तरं देतात, याला सर कंटाळले होते. त्यांनी आवाजांचा प्रयोग ठरवला. पद्धत अशी. एकाच व्यक्तीच्या आवाजात एकच मजकूर दोनदा टेप करायचा, एकदा पुण्याच्या मराठीत आणि एकदा दुसऱ्या बोलीत. मध्ये तीनचार वेगळ्या माणसांचे आवाज घालायचे, म्हणजे दोन्ही आवाज एकाचेच आहेत हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मग विचारायचं, ही व्यक्ती किती शिकलेली वाटते, हुशार वाटते का, स्वच्छ वाटते का, काय काम करत असेल, शेजारी आली तर चालेल का. बोलणारी व्यक्ती तीच, मजकूर तोच. तरीही उत्तरं वेगळी आली, तर तो फरक ऐकणाऱ्याच्या मनातला.

दोन्ही तऱ्हेने सहज बोलू शकेल असं केंद्रात एकच माणूस होतं. वंदनाने एका दुपारी पंखा बंद करून दोन्ही टेप केले. मजकूर अगदी साधा. स्वारगेटला उतरले, विश्रांतवाडीची बस कुठून सुटते ते विचारलं, बहिणीचं घर शोधत गेले. पहिल्या वेळी ती अशी बोलली की सर चष्मा काढून तिच्याकडे पाहत राहिले. एकही ‘न’ आणि ‘ण’ इकडचा तिकडे नाही, ‘ळ’ स्वच्छ, वाक्य संपताना पुण्यात जो किंचित कोरडेपणा येतो तोसुद्धा. दुसऱ्या वेळी, "स्वारगेटले उतरली. मंग एका काकाले इचारलं, इश्रांतवाडीची बस कोठून सुटते जी." सर म्हणाले, "ही मुलगी म्हणजे आपलं घबाड आहे." टेप माझ्या ताब्यात आला. मी तो माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवायची.

प्रयोगात एक अट होती. टेप चालवायला वंदनाच येणार, कारण आमच्याबरोबर यायला तिसरं माणूस मोकळं नव्हतंच. ऐकणाऱ्यांसमोर मात्र तिने एक शब्दही बोलायचा नाही, नाहीतर आवाज ओळखला जाईल. विश्रांतवाडीच्या एका सोसायटीत महिला मंडळापुढे आम्ही टेप लावला. सतरंजीवर वीसेक बायका, हातात कागद, वंदना कोपऱ्यात टेपरेकॉर्डरपाशी. सुरुवातीलाच एक बाई मला म्हणाल्या, "अहो, तुमची ही मदतनीस मुकी आहे का?" मी म्हणाले, "कमी बोलते." त्यांनी वंदनाला नीट न्याहाळलं. "इकडचीच दिसते. चेहऱ्यावरून कळतं." वंदनाने खाली पाहून बटण दाबलं.

पुण्याच्या मराठीतला आवाज सगळ्यांनी शांतपणे ऐकला. "बँकेत असेल," कोणीतरी म्हणालं. मग मधले आवाज झाले. मग वऱ्हाडी. ‘स्वारगेटले उतरली’ ऐकल्याबरोबर मागच्या रांगेत हसू फुटलं. त्याच बाई म्हणाल्या, "आमच्या पलीकडच्या बांधकामावरची दिसते. आता आपल्याकडे धुणंभांडी मागायला येईल." सगळ्या हसल्या, आणि त्यांच्याबरोबर मीही हसले.

परतीच्या बसमध्ये वंदना टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "ताई, तुमी बी हसल्या ना?"

"अगं, त्यांना शंका येऊ नये म्हणून हसले."

"हाव," ती म्हणाली.

हे खोटं होतं. मला हसू आलं होतं म्हणून मी हसले होते. निकाल चांगला येतोय याचाही आनंद होता. तो आवाज कोणाचा आहे हे त्या खोलीत आम्हा दोघींनाच माहीत होतं, आणि तरीही हसू आलं. कॉलेजातल्या त्या वर्गात माझ्यावर हसणाऱ्या मुलींना निदान मी कोण हे नीट माहीत तरी नव्हतं.

त्यानंतर मी जे केलं ते मला त्या वेळी चूकही वाटलं नाही. जमलेले सगळे कागद नोंदवून घ्यायचं काम मी वंदनालाच दिलं. "तुझाच आवाज आहे, तुला गंमत वाटेल," असं म्हणाले. सुरुवातीला ती मोठ्याने वाचून दाखवायची. "पाहा ना ताई, याच बाईनं मले बँकेत बसवलं, अन् याच बाईनं भांडे घासाले लावलं." आम्ही दोघी हसायचो. ‘स्वच्छ वाटते का’ या प्रश्नाशी आल्यावर तिने मोठ्याने वाचणं बंद केलं. मी ते पाहिलं आणि काही विचारलं नाही. ती रोज वेळेवर येऊन कागद नोंदवत राहिली. एका कागदाचीही चूक झाली नाही.

अहवाल उत्तम झाला. परिसंवादात तो मी वाचला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर आयटी कंपन्यांची बोलावणी येऊ लागली. वेगवेगळ्या प्रांतांतली माणसं एकत्र काम करतात, त्यांच्यासाठी पूर्वग्रहांवर कार्यशाळा घ्या, असं ते म्हणत. काम वाढलं तसं एक पद कायम करायचं ठरलं. उमेदवार दोघी होत्या, वंदना आणि तिच्यानंतर आलेली कोथरूडची एक मुलगी. ती मुलगी हुशार होती, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. वंदनाला ती नोकरी का हवी होती ते मला पक्कं ठाऊक होतं. घरचे लग्न ठरवायला बसले होते आणि तिने वडिलांना सांगितलं होतं, नोकरी कायम झाली तर मी पुण्यातच राहून पीएच.डी. करेन, नाही झाली तर तुम्ही म्हणाल तसं. दोघींविषयीचा अभिप्राय मला लिहायचा होता.

सरांनी मला बोलावलं. "काम वंदनाचं जास्त चांगलं आहे, हे मला दिसतंय. प्रश्न फक्त कंपन्यांपुढे उभं राहण्याचा. ती उभी राहिली तर आपल्यातली वाटेल ना?"

सरांनी ‘आपल्यातली’ हा शब्द वापरला. इतकी वर्षं या एका शब्दासाठी मी जीभ वळवली होती. त्यांनी तो मला गृहीत धरून वापरला, याचं मला त्या क्षणी बरं वाटलं. मी ज्या विषयावर भाषणं दिली तोच विषय माझ्यासमोर उभा होता आणि मला ओळखता आला नाही, असं म्हणायला सोपं आहे. खरं असं की मला ओळखता आला होता. पण वंदनाची बाजू घेतली तर सर माझ्याकडेही नीट पाहतील, माझ्या बोलण्यातली खडकी शोधतील, अशी भीती वाटली. हे सगळं एका मिनिटात झालं, आणि टेबलाशी येऊन मी लिहिलं: ‘काम अत्यंत चोख. विश्लेषण उत्तम. पण अधिकारीवर्गासमोर सादरीकरण करण्याइतकी भाषा अद्याप सफाईदार नाही.’

तो टेप त्या वेळी माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. तिची सफाईदार भाषा शेकडो लोकांना मीच ऐकवली होती. त्यांनी तिला बँकेत बसवलं होतं, शिक्षिका केलं होतं, एकाने डॉक्टरही. केंद्रात ती वऱ्हाडी बोलायची, कारण मी तिला तसं बोल म्हणाले होते.

नियमाप्रमाणे अभिप्राय उमेदवाराला वाचायला देऊन त्यावर सही घ्यावी लागे. त्या दिवशी मी रजा टाकली. आजारी नव्हते. घरी बसून निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडले. दुसऱ्या दिवशी तो कागद माझ्या ट्रेमध्ये आला. खाली वंदनाची सही होती, नेहमीसारखी सरळ. आणि माझ्या तिसऱ्या वाक्यासमोर, समासात, पेन्सिलीने काढलेला छोटासा गोल आणि त्यात ‘प’.

मी खोडरबर घेतलं आणि तो खोडून टाकला. इतक्या वर्षांत समासातली मी खोडलेली ती एकमेव खूण. नीट खोडली गेली नाही. कागद उजेडात धरला की गोल दिसायचा. मी तो तसाच फायलीत लावला.

पद कोथरूडच्या मुलीला मिळालं. केंद्रातल्या तिच्या शेवटच्या दिवशी वंदना माझ्या टेबलाशी आली. हातात गठ्ठ्यांची यादी होती.

"ताई, सगळे गठ्ठे क्रमाने लावून ठेवले आहेत. आपण एकदा तपासून घ्यावेत."

टेपमधला आवाज होता. पहिला. मी मान वर केली तेव्हा ती यादीकडेच पाहत होती.

"वंदना, माझ्याशी अशी काय बोलतेस?"

"का? व्यवस्थित नाही का?" ती म्हणाली. "तो टेप आपल्याच कपाटात आहे ना, ताई?"

"हो."

"मग झालं."

इतका कोरडा टोमणा पेठेतल्या त्या गृहस्थांनाही जमला नसता. पुण्याने तिला जे शिकवायचं ते पूर्ण शिकवलं होतं. तिने नमस्कार केला, दोन्ही हात जोडून, आणि गेली. मी उठून तिच्यामागे गेले नाही. जायला हवं होतं. अजून सरांकडे जाऊन तो कागद मागे घेता आला असता. मी गठ्ठे तपासत बसले, आणि ते सगळे क्रमाने होते.

नंतर मी कित्येक कार्यशाळा घेतल्या. वातानुकूलित खोल्यांत, काचेच्या भिंतींआड, तरुण मुलांना मी टेप ऐकवायची. दोन्ही आवाज एकाच मुलीचे आहेत हे शेवटी सांगितलं की सगळे थक्क व्हायचे. कोणीतरी हमखास विचारायचं, "मॅडम, ती मुलगी आता काय करते?" मी म्हणायची, "आमच्याकडे संशोधक होती, मग लग्न होऊन गावी गेली." यात एकही शब्द खोटा नव्हता. मी फक्त पणच्या आधीपर्यंत सांगत होते.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा ठरवलं, छापायच्या आधी तिला विचारायचं. एका जुन्या सहकाऱ्याकडून नंबर मिळाला. ती तिच्याच जिल्ह्यात एका शाळेत शिकवते. माफी कशी मागायची तेही ठरवून ठेवलं होतं. माझी आई बोलायची तशी, खडकीच्या क्वार्टर्समधली. ‘वंदे, लई वंगाळ वागले गं मी तुझ्यासंगं. चुकले.’ आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिलं.

फोन तिनेच उचलला. मी नाव सांगितलं.

"ताई. नमस्कार. आपण कशा आहात?"

तेवढ्यात तिकडे कोणीतरी तिला काही विचारलं, घरातलंच कोणी असावं. ती फोन जरा बाजूला धरून म्हणाली, "थांब ना बाप्पा, बोलून राहिली ना मी फोनवर. काऊन एवढी घाई करून राहिली तू?" आणि हसली. ते हसणं मला ओळखीचं होतं. डबा खाताना ती तसंच हसायची. मग ती पुन्हा माझ्याकडे वळली.

"हं, क्षमस्व. बोला आपण."

मी तोंड उघडलं. आणि जे बाहेर आलं ते असं होतं, "वंदना, त्या अभिप्रायाच्या बाबतीत माझ्याकडून तुझ्यावर काहीसा अन्याय झाला असावा, असं मला आता वाटतं."

‘काहीसा’ म्हणाले, ‘झाला असावा’ही म्हणाले. घोकलेल्यातलं एक अक्षर जिभेवर आलं नाही. मग लेखाचं सांगितलं आणि छापू का, असं विचारलं.

"हरकत नाही, ताई," ती म्हणाली. "आपण आवर्जून फोन केलात, बरं वाटलं. लेख अवश्य छापावा."

प्रत्येक ‘ण’ जिथल्या तिथे होता. मी अभिप्रायात मागितली होती, अगदी तशी भाषा.